विद्यार्थ्यांनी उभारलेलं विद्यापीठ

युरोपातलं सर्वांत जुनं मानलं जाणारं बोलोन्या विद्यापीठ आपलं स्थापनावर्ष १०८८ सांगतं. पण त्या सालची ना सनद आहे, ना कोनशिला. हे वर्ष एकोणिसाव्या शतकात कवी जोसुए कार्दुच्ची यांच्या समितीनं ठरवलं आणि १८८८ मध्ये आठशे वर्षांचा सोहळा झाला. या विद्यापीठाला कुणी एक संस्थापक नाही. ते घडवलं परगावच्या विद्यार्थ्यांनी.

इर्नेरियस नावाचा पंडित बोलोन्यात रोमन सम्राट जस्टिनियनचा कायदा शिकवू लागला, तसे आल्प्सपलीकडूनही विद्यार्थी येऊ लागले. शहरात त्यांना नागरिकांचे हक्क नव्हते. एकानं कर्ज बुडवलं, तर त्याच्या मुलखातल्या दुसऱ्याला धरून वसुली होई. बाराव्या शतकाच्या मध्यास सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं फर्मान काढून ही वसुली बंद केली. पण घरभाडं आणि रोजची अडवणूक यांना फर्मान पुरेना. म्हणून एकेका मुलखाचे विद्यार्थी एकत्र आले, त्यांचे संघ झाले आणि त्यांनी आपल्यातूनच रेक्टर, म्हणजे प्रमुख, निवडला.

अध्यापकांचं मानधन विद्यार्थीच देत, त्यामुळे नियमही त्यांचेच. तासाला उशीर झाला की दंड. ठरलेला भाग मुदतीत संपला नाही, तरी दंड. गाव सोडायचं तर परवानगी हवी. परीक्षा आणि पदवी मात्र अध्यापकांच्या संघाच्या हाती राहिली. तिथे विद्यार्थ्यांचं चालत नसे.

विद्यापीठाची स्वतःची इमारत नव्हती. वर्ग गुरूच्या घरी किंवा भाड्याच्या जागेत भरत. शहराशी बिनसलं की उठून दुसरीकडे जाता येई, आणि हेच विद्यार्थ्यांचं बळ होतं. १२२२ मध्ये बोलोन्यातून निघालेल्यांनी पादुआत विद्यापीठ उभं केलं.

विद्वान निघून गेले की शहराची मिळकतही जाते, हे बोलोन्यानं ओळखलं. ते अध्यापकांना स्वतः पगार देऊ लागलं, आणि हळूहळू पगाराबरोबर अधिकारही शहराकडे गेला. १५६३ मध्ये आर्किजिन्नासिओची भव्य वास्तू तयार झाली. विखुरलेले वर्ग एका छपराखाली आले, तोवर विद्यार्थ्यांची सत्ता ओसरली होती.

आज विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना चार जागा मिळाल्या, तरी त्या मेहेरबानी म्हणून दिल्यासारख्या वाटतात. बोलोन्याचा इतिहास सांगतो की ती मेहेरबानी नाही. पहिला कारभार त्यांचाच होता.