मदुरा फूट आणि डॉक्टर कार्टर

अनवाणी शेतकऱ्याच्या पायांत कांटा मोडतो; कांहीं वर्षांनीं पाय सुजून त्यास छिद्रें पडतात, त्यांतून काळे कण गळूं लागतात. पूर्वी पाय कापण्यावांचून गत्यंतरच नसे. ही व्याधि म्हणजे ‘मदुरा फूट’. ग्रे यांच्या विख्यात शारीरग्रंथाचीं चित्रें काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर १८५८ सालीं मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजांत आले. त्यांनीं असे कापलेले पाय सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले आणि हे कण बुरशीचे, असें प्रतिपादिलें. ‘मायसेटोमा’ हें नांवहि त्यांचेंच. साताऱ्यास सिव्हिल सर्जन असतांनाहि हा ध्यास सुटला नाहीं. १८७४ सालीं ग्रंथ निघाला. कांहीं रोग्यांत मुळाशीं बुरशी नसून जंतु असतात, हें मागाहून उमगलें. चित्रकाराची नजर येथें कामास आली असावी! जागतिक आरोग्य संघटनेनें मात्र हा रोग उपेक्षित रोगांच्या यादींत घेतला, तो २०१६ सालीं.