हातीं नसलेला परवाना

मोटार हांकण्याचा परवाना ज्याच्या हातीं आहे, त्याच्याकडून गुन्हा घडला तर शिक्षा सोपी आहे : परवाना काढून घ्यावा. परंतु गुन्हेगार जर वयानें इतका लहान असेल कीं त्याला परवाना अद्याप मिळालेलाच नाहीं, तर त्याच्याकडून काढून तरी काय घ्यावयाचें? हा प्रश्न वरवर पाहतां थट्टेचा वाटतो. पण सव्वाशे वर्षांत कायदेकर्त्यांना त्यानें अनेक वेळां कोड्यांत टाकिलें आहे.

इंग्लंडांत १९०३ सालीं मोटारींचा कायदा झाला व १ जानेवारी १९०४ पासून तो अमलांत आला. पांच शिलिंग भरले कीं परवाना मिळे. परीक्षा मुळींच नव्हती. ती सक्तीची व्हावयास १९३५ साल उजाडावें लागलें! वयाची अट मात्र होती : मोटारीस १७ वर्षें, मोटारसायकलीस १४. पण उमेदवारास गाडी चालवितां येते कीं नाहीं हेंहि न विचारणाऱ्या या कायद्यांत एक मोठें दूरदृष्टीचें कलम होतें. अपराध्याजवळ परवाना असल्यास न्यायाधीशास तो निलंबित करतां येई. आणि नसल्यास, अमुक काळपर्यंत तो मिळण्यास हा इसम अपात्र आहे, असें ठरवितां येई. हातीं नसलेली वस्तु हिरावून घेतां येत नाहीं. पण ती मिळण्याचा दिवस पुढें ढकलतां येतो, ही सारी युक्ति एवढ्यांत आली.

हिंदुस्थानांत १९१४ च्या कायद्यानें अठरा वर्षांची मर्यादा घातली व पुढें १९३९ आणि १९८८ च्या कायद्यांनीं ती राखिली. अपात्र ठरविण्याचा अधिकार न्यायालयास होता; किती काळ, हें न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविलेलें असे.

अमेरिकेंत या युक्तीस निराळेंच वळण लागलें. वेस्ट व्हर्जिनिया संस्थानानें १९८८ सालीं शाळा सोडणाऱ्या मुलांचा परवाना रोखण्याचा कायदा केला. पुढें १९९० सालीं मध्यवर्ती सरकारनें रस्त्यांच्या अनुदानाचा दोर ओढून संस्थानांस सांगितलें कीं, मादक द्रव्यांच्या गुन्ह्याबद्दल निदान सहा महिने परवाना काढून घ्यावा, आणि तो नसल्यास देण्यास तितकाच विलंब लावावा. विधिमंडळाचा व गव्हर्नराचा विरोध असल्यास संस्थानास यांतून सुटतां येई, आणि अनेकांनीं तसें केलेंहि. शाळा चुकविणें आणि गाडी बेफाम हांकणें यांचा संबंध काय, हें सांगणें कठीणच. ज्या खेड्यांत बस जात नाहीं, तेथें परवाना रोखणें म्हणजे नोकरीच रोखणें होय.

भारतानें २०१९ च्या दुरुस्तीनें, १ सप्टेंबरपासून, १९९-अ हें कलम आणलें. मुलानें गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि मुलास पंचवीस वर्षें पूर्ण होईपर्यंत शिकाऊ परवानाहि नाहीं. येथें न्यायाधीशाच्या विवेकास जागा उरली नाहीं. मुलानें स्कूटर शिकवणीस नेली असो, वा भरधांव गाडीखालीं माणूस चिरडला असो, विलंब एकच. श्रीमंताचा मुलगा तीं सात वर्षें पगारी ड्रायव्हरच्या मागें बसून काढील. टेम्पो हांकून पोट भरूं पाहणाऱ्या मुलानें तीं कशीं काढावींत?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यांत कल्याणीनगर येथें भरधांव मोटारीनें दुचाकीवरील एक तरुण व एक तरुणी यांचा बळी घेतला. दोघेंहि अभियंते होतीं. मोटार चालविल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर आला. त्याच दिवशीं त्यास जामीन मिळाला. अटींत अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. लोकांचा संताप उसळला. परिवहन खात्यानें हें नवें कलम बाहेर काढून पंचविशीपर्यंत परवाना नाहीं असें जाहीर केलें. मग नोंदणी रद्द करण्याचा विषय निघाला, तेव्हां जुनेंच कोडें पुनः उभें राहिलें : १,७५८ रुपयांची फी न भरल्यामुळें त्या महागड्या मोटारीची कायम नोंदणी झालीच नव्हती. तेव्हां बारा महिने कोणत्याहि कचेरींत तिची नोंदणी होऊं नये, असें खात्यानें ठरविलें.