नित्याच्या जीवनाचें चित्र : डेल्फ्ट आणि औंध

हॉलंडमधील डेल्फ्ट गांवच्या योहानेस व्हर्मीर या चित्रकारानें 1658 च्या सुमारास एक तैलचित्र रंगविलें. त्याची उंची जेमतेम हातभर. खिडकीपाशीं उभी राहून एक मोलकरीण भांड्यांत दूध ओतीत आहे. पुढें पाव, मागें पांढरी भिंत आणि भिंतींत एक खिळा. चित्रांत देव नाहीं, राजा नाहीं, रणांगण नाहीं. तरीहि अ‍ॅम्स्टरडॅमचें राष्ट्रीय संग्रहालय आज तें आपल्या अमोल ठेव्यांत गणतें.

असलीं चित्रें त्या देशांत एवढीं कां निपजलीं? स्पेनच्या राजाशीं दीर्घकाळ झुंजून 1648 मध्यें हॉलंडचें स्वातंत्र्य मान्य झालें. नव्या धर्मपंथानें चर्चमधील मूर्ति व चित्रें काढून टाकलीं होतीं, आणि नगरांचा कारभार सधन व्यापाऱ्यांच्या हातीं आला होता. चित्रें विकत घेणारा आतां सामान्य नागरिक होता. व्हर्मीर 1675 मध्यें कर्जबाजारी होऊन वारला. तेव्हां पावाच्या उधारीपोटीं त्याच्या विधवेनें दोन चित्रें रोटीवाल्याच्या हवालीं केलीं. ती उधारी सहाशें गिल्डरांहून अधिक होती. रोटीवाल्याच्या भिंतीवर जें चित्र लागावयाचें, त्यांत त्याच्यासारख्यांचेंच घर दिसलें तर नवल नाहीं.

आपल्याकडील चित्रकाराला मात्र आश्रय हवा असे तो संस्थानिकाचा. सातारा जिल्ह्यांतील औंध हें त्याचें उत्तम उदाहरण होय. 1909 मध्यें गादीवर आलेले बाळासाहेब पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार होते. रामायण त्यांनीं चित्रांतून सांगितलें. यमाईच्या डोंगरावर 1938 मध्यें त्यांनीं संग्रहालय उभारलें. तेथें रविवर्म्याची सैरंध्री आहे, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची पाषाणांतील माता आणि बालक आहे, आणि धुरंधरांनीं रंगविलेले शिवचरित्रांतील प्रसंगहि आहेत. हेच धुरंधर घरांतील व रस्त्यांतील स्त्रिया किती जिव्हाळ्यानें रेखाटीत! 1920 मध्यें निघालेल्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या इंग्रजी ग्रंथांतील त्यांचीं चित्रें त्याची साक्ष देतात. परंतु दरबारानें त्यांच्याकडून मागितला तो इतिहास.

संग्रहालयानंतर वर्षभरांतच, 1939 मध्यें, बाळासाहेबांनीं गांधीजींच्या सल्ल्यानें तयार झालेली राज्यघटना दिली आणि कारभार ग्रामपंचायतींच्या पायावर उभा केला. संस्थान लहानच, गांवें 72. त्यांपैकीं आटपाडीकडील मुलूख आज सांगली जिल्ह्यांत मोडतो. रयतेला राज्यांत असें स्थान मिळालें. मग चित्रांत कधीं?

त्याचें उत्तर औंधांतच वाढत होतें. चित्रकार आणि वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर 1918 च्या सुमारास तेथें येऊन राहिले. त्यांचे चिरंजीव माधवराव (1915–2006) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकले आणि पुढें फ्लॉरेन्स, लंडन व पॅरिस येथें अभ्यास करून आले. युरोप पाहून परतलेल्या या चित्रकाराचा कुंचला रमला तो बाजारांत, सणावारांत आणि कामांत गढलेल्या बायामाणसांत. डेल्फ्टचा धडा त्यानें गिरविला नसेल; पण दृष्टि त्याच जातीची होती.

आणि या दृष्टीची उणीव इतिहासाला फार भासते. बखरींत लढाया आहेत, दप्तरांत तुपातेलाचे हिशेब आहेत. परंतु साताऱ्याच्या वाड्यांत सैंपाकघराच्या झरोक्यांतून उजेड कसा येई, कृष्णाकांठच्या घरांत पहाटे दळणाऱ्या बाईचा हात जात्याच्या खुंट्यावर कसा फिरे, हें कोणीं टिपून ठेवलें? डेल्फ्टची ती मोलकरीण साडेतीनशें वर्षें दूध ओतीतच आहे. आपल्या दळणारणीची ओवी तेवढी मागें राहिली. तिचा चेहरा कोठेंच उरला नाहीं.