कडधान्यानंतरचा मका आणि नत्राचा हिशेब

कडधान्यानंतर घेतलेले तृणधान्य जोमदार येते, हे भारतीय शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यामागचे कारण मात्र विज्ञानाला फार उशिरा उमगले.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८३० च्या दशकात मोजमाप करून दाखवले, की क्लोव्हर व वाटाणा यांच्या वाढीबरोबर नत्र वाढते, गव्हात वाढत नाही. पुढे इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी हाच प्रश्न कमालीच्या काटेकोरपणे तपासला. उत्तर नकारार्थी आले. प्रयोगासाठी माती भाजून घेतली होती आणि त्यात हवेतील नत्र बांधणारे जिवाणूच मेले होते! अखेर १८८६ मध्ये जर्मनीत हेलरीगेल व विल्फार्थ यांनी मुळांवरील गाठींचे रहस्य उलगडले.

लगेचच, १८८९ च्या अखेरीस, ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर भारतीय शेतीच्या पाहणीसाठी आले. येथील रयतेला पिकांची फेरपालट कळत नाही, हा समज त्यांनी १८९३ च्या अहवालात खोडून काढला.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५१ मध्ये सिंद्रीच्या कारखान्यात अमोनियम सल्फेटचे उत्पादन सुरू झाले. १९६१ मध्ये मक्याची पहिली भारतीय संकरित वाणे आली. संकरित मक्याची नत्राची भूक मोठी, आणि ती भागवणारे खत आता गोणीतून मिळू लागले.

मग कडधान्यानंतरच्या मक्याला युरिया किती कमी द्यावा? हरभऱ्याच्या दाण्यात सुमारे २० टक्के प्रथिने असतात. म्हणजेच १० क्विंटल दाण्यांबरोबर साधारण ३२ किलो नत्र शेताबाहेर जाते. मागे राहतात मुळे, गाठी व पालापाचोळा. ते लवकर कुजतात, म्हणून गव्हाच्या काडाप्रमाणे जमिनीतील नत्र अडकवून ठेवत नाहीत. ताग वा धैंचा फुलोऱ्यात गाडल्यास मात्र सारेच नत्र जमिनीत राहते.

म्हणून कडधान्याचा लाभ खरा असला, तरी सर्वत्र सारखा नसतो. तो विसरल्यास जादा युरिया पाण्याबरोबर झिरपतो आणि भूजलात नायट्रेट वाढते. तो फुगवून धरल्यास मका पिवळा पडतो. बेवड चांगला की वाईट, हे पूर्वजांनी ओळखले होते. तो किती किलोंचा, हे माती तपासूनच ठरवावे लागेल.