सुईण, दाई, स्वयंसेविका

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी ह्या ग्रामनामात एक व्यवसाय अजून टिकून आहे. रंगाऱ्याचे कसब घरात शिकले जाई. सुइणीचेही तसेच, आणि त्या शिक्षणाला मुदत नसे. मुदत आली ती सरकारी वर्गांबरोबर. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत दाईंसाठी महिनाभराचे प्रशिक्षण ठरले, व जुन्या नामाआधी ‘प्रशिक्षित’ हे विशेषण लागले. आयुष्यभर बाळंतपणे केलेल्या बाईला अप्रशिक्षित ठरविण्याची सोयही त्याच विशेषणाने झाली.

जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी १९७० पासून निराळी वाट धरली. गावातल्या, बहुधा निरक्षर बायकांचे शिक्षण त्यांनी एका वर्गात संपविले नाही.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ आणली. प्रारंभीचे प्रशिक्षण तेवीस दिवसांचे, तेही टप्प्याटप्प्याने. नाव इंग्रजी आद्याक्षरांचे असूनही मराठी कानास ते घरचेच वाटते. (आपल्याकडे आशा नावाच्या मुली काय थोड्या आहेत!) शासकीय मराठीने मात्र त्यापुढे ‘स्वयंसेविका’ जोडले व वेतनाच्या जागी ‘मोबदला’ योजिला. हा भेद केवळ कोशातला नव्हे. नोकरीचे हक्क मागताना तिला हेच शब्द आड येतात. २०२३ साली महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या, आणि संप हा तर कामगाराचा शब्द आहे.