‘अटलांटिक कन्व्हेयर’ : युद्धावर गेलेले मालवाहू जहाज

‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे ब्रिटनच्या क्युनार्ड कंपनीचे मालवाहू जहाज होते. १९८२च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सरकारने ते ताब्यात घेऊन दक्षिण अटलांटिक महासागरात पाठवले आणि त्याच वर्षी २५ मे रोजी अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्रांचा मारा होऊन ते पेटले. तीन दिवसांनी ते बुडाले. त्याची व्यापारी सेवा बारा वर्षांची, तर लष्करी सेवा जेमतेम सहा आठवड्यांची होती. असे असूनही या युद्धाच्या कोणत्याही गंभीर इतिहासात या जहाजाचा उल्लेख टाळता येत नाही. कारण त्याच्यासोबत जे साहित्य नष्ट झाले, त्यामुळे जमिनीवरील लढाईची रीतच बदलावी लागली.

टाइन नदीकाठच्या ‘स्वान हंटर’ या प्रसिद्ध गोदीत बांधलेल्या या जहाजाचे जलावतरण १९६९मध्ये झाले आणि पुढच्या वर्षी ते सेवेत आले. युरोपातील अनेक जहाज कंपन्यांनी एकत्र येऊन स्थापन केलेल्या ‘अटलांटिक कंटेनर लाइन’साठी ते युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यामधील मार्गावर चालत असे. लांबी २१२ मीटर, एकूण टनभार सुमारे १५ हजार. मोठ्या डेकवर कंटेनर आणि पोटात रो-रो पद्धतीची दालने अशी त्याची दुहेरी रचना होती. कोकण रेल्वेच्या मालमोटारी वाहून नेणाऱ्या सेवेमुळे ‘रो-रो’ हा शब्द मराठी वाचकांना परिचित आहे. जहाजाच्या बाबतीत त्याचा अर्थ, वाहने स्वतःच्या चाकांवर आत जातात आणि तशीच बाहेर येतात. यासाठी आतील दालने सलग, आडव्या भिंतींविना ठेवावी लागतात. व्यापारात ही मोठी सोय ठरते. आग लागली तर मात्र हीच सोय जिवावर बेतते.

२ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने फॉकलंड बेटांचा ताबा घेतला. अर्जेंटिनात ही बेटे ‘माल्विनास’ म्हणून ओळखली जातात. ब्रिटनपासून ती सुमारे १३ हजार किलोमीटर अंतरावर आहेत. एवढ्या लांब सैन्य, इंधन, दारूगोळा आणि अन्न नेण्याइतकी जहाजे ब्रिटिश नौदलाकडे नव्हती. त्यामुळे ४ एप्रिल रोजी राणीच्या आदेशान्वये खासगी जहाजे ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. काही जहाजे सक्तीने अधिग्रहित करण्यात आली, काही भाडेकराराने घेण्यात आली. ‘क्वीन एलिझाबेथ-२’ आणि ‘कॅनबेरा’ यांच्यासारख्या आलिशान प्रवासी नौकांपासून तेलवाहू जहाजे, टग आणि मासेमारी नौकांपर्यंत सुमारे पन्नास जहाजे या मोहिमेत सामील झाली. मालकाला भाडे मिळे आणि जहाज चालवण्याचे काम मर्चंट नेव्हीचे नेहमीचे खलाशीच करत. त्यांच्या जोडीला नौदलाची एक छोटी तुकडी आणि एक वरिष्ठ नौदल अधिकारी जहाजावर येई.

लिव्हरपूल बंदरात काम नसल्याने उभे असलेले ‘अटलांटिक कन्व्हेयर’ एप्रिलच्या मध्यास डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीत आणले गेले. दहा-अकरा दिवसांत त्याचे रूप पालटले. डेकच्या दोन्ही कडांना कंटेनर एकावर एक रचून भिंती उभारल्या, म्हणजे मधल्या जागेत ठेवलेल्या विमानांना वारा आणि खारे पाणी लागू नये. विमाने व हेलिकॉप्टर उतरण्यासाठी जागा मोकळी करून ती मजबूत केली. जहाजाचे कप्तान इयान नॉर्थ हे ५७ वर्षांचे, पांढऱ्या दाढीचे, दुसऱ्या महायुद्धाचा काळ समुद्रावर पाहिलेले खलाशी होते. ब्रिटिश टीव्हीवरील एका मासळीच्या जाहिरातीतील कप्तानाशी असलेल्या साम्यामुळे त्यांना ‘कॅप्टन बर्ड्‌सआय’ हे टोपणनाव पडले होते. नौदलाच्या बाजूने कॅप्टन मायकेल लेयार्ड नेमले गेले. एका जहाजावर दोन कॅप्टन ही अडचणीची व्यवस्था, पण या दोघांचे उत्तम जमले.

जहाजाला स्वसंरक्षणाची साधने द्यावीत का, हा प्रश्न याच काळात पुढे आला. व्यापारी जहाजावर शस्त्रे बसवणे कायद्याला धरून आहे की नाही, याविषयी मतभेद होते. अखेर क्षेपणास्त्रांना चकवणारी यंत्रणाही बसवण्यात आली नाही. युद्धनौका अशा वेळी ‘चॅफ’ म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्यांचा ढग हवेत सोडतात. क्षेपणास्त्राच्या रडारला तो ढगच लक्ष्य वाटतो. ‘अटलांटिक कन्व्हेयर’कडे ही साधी सोयदेखील नव्हती. कायद्याच्या दृष्टीने ते व्यापारी जहाज होते, पण डेकवर लढाऊ विमाने होती, पोटात क्लस्टर बॉम्ब आणि विमानांचे इंधन होते. शत्रूच्या रडारवर हा फरक दिसणार नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

२५ एप्रिलला जहाज निघाले. वाटेत असेन्शन बेटावर नौदलाची आठ सी हॅरियर आणि हवाई दलाची सहा हॅरियर विमाने त्यावर उतरली. ती जाड आवरणांत गुंडाळून कंटेनरच्या भिंतींमध्ये ठेवण्यात आली. एक सी हॅरियर मात्र कोणत्याही क्षणी झेपावण्यासाठी सज्ज ठेवले होते. १८ ते २० मेदरम्यान ही सर्व विमाने ‘हर्मिस’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या विमानवाहू नौकांवर सुखरूप पोहोचली. जहाजाचे अर्धे काम फत्ते झाले. यातील ‘हर्मिस’ हीच पुढे १९८७मध्ये ‘आयएनएस विराट’ या नावाने भारतीय नौदलात आली आणि २०१७मध्ये मुंबईत निवृत्त झाली.

उरलेले अर्धे काम हेलिकॉप्टरांचे होते. जहाजावर दोन पंखचक्रांची चार अवजड चिनूक आणि सहा वेसेक्स हेलिकॉप्टर होती. शिवाय सुमारे साडेचार हजार सैनिकांसाठी तंबू, हॅरियर विमानांसाठी तात्पुरती धावपट्टी उभारण्याचे साहित्य, सुटे भाग, वाहने आणि दारूगोळा. २१ मे रोजी ब्रिटिश सैन्य सॅन कार्लोस येथे उतरले होते. तेथून राजधानी स्टॅन्लीपर्यंत रस्ता असा नव्हताच, होती ती दलदल आणि दगडांचे पट्टे. सैन्य हेलिकॉप्टरने पुढे न्यायचे, असा बेत होता. एवढे कळीचे साहित्य एकाच जहाजावर का भरले, याचे उत्तर सोपे आहे. जागा होती, घाई होती आणि योग्य जहाजे मोजकीच होती. व्यापारी जहाज भरताना रिकामी जागा ठेवणे हा तोटा मानला जातो. युद्धासाठी जहाज भरताना एका जहाजाच्या नुकसानीने मोहीम अडणार नाही हे पाहावे लागते. येथे पहिला हिशेब दुसऱ्यावर वरचढ ठरला.

२५ मे हा अर्जेंटिनाचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी दोन मोठे हल्ले झाले. एका हल्ल्यात ‘कोव्हेंट्री’ ही विनाशिका बॉम्बहल्ल्याने बुडाली. त्याच दिवशी अर्जेंटिनाच्या नौदलाची दोन सुपर एतांदार विमाने वाटेत हवेतच इंधन भरून उत्तरेकडून वळसा घालत आली. त्यांना विमानवाहू नौका हव्या होत्या. विमानांतून सोडण्याची एक्झोसे क्षेपणास्त्रे अर्जेंटिनाकडे युद्धाच्या प्रारंभी केवळ पाच होती. त्यांपैकी दोन ४ मे रोजी ‘शेफील्ड’वरील हल्ल्यात खर्ची पडली होती. आता आणखी दोन सुटली. ‘अँबुस्केड’ या फ्रिगेटने आणि इतर युद्धनौकांनी चॅफ सोडले. क्षेपणास्त्रे युद्धनौकांना चुकली, पण पुढे त्यांना दुसरे मोठे लक्ष्य सापडले, ते म्हणजे ‘अटलांटिक कन्व्हेयर’. त्याच रात्री सॅन कार्लोसला जाऊन हेलिकॉप्टर उतरवायचे, असे या जहाजाचे वेळापत्रक होते.

डाव्या बाजूला मागील भागात मारा झाला आणि सलग दालनांतून आग झपाट्याने पसरली. युद्धनौकेत कप्पे बंद करून आग कोंडता येते; येथे ते शक्य नव्हते. धूर आणि खालच्या दारूगोळ्याचा धोका पाहता तासाभराच्या आतच जहाज सोडण्याचा आदेश द्यावा लागला. ‘अलॅक्रिटी’ ही फ्रिगेट जळत्या जहाजालगत येऊन माणसे वाचवत होती. बारा जण मृत्युमुखी पडले. त्यांत मर्चंट नेव्हीचे खलाशी होते, नौदलाच्या पूरक ताफ्यातील कर्मचारी होते आणि नौसैनिकही होते. नॉर्थ आणि लेयार्ड हे जहाज सोडणाऱ्या शेवटच्या माणसांत होते. लेयार्ड वाचले व पुढे ॲडमिरलपदापर्यंत पोहोचले. नॉर्थ त्या थंडगार पाण्यातून वाचू शकले नाहीत. त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ हे नौदलाचे शौर्यपदक मरणोत्तर देण्यात आले. जहाजाचा जळका सांगाडा ‘आयरिशमन’ या टगने ओढून नेला जात असताना २८ मे रोजी बुडाला. दुसऱ्या महायुद्धानंतर शत्रूच्या माऱ्याने गमावलेले हे पहिले ब्रिटिश व्यापारी जहाज.

सहाही वेसेक्स, तीन चिनूक आणि एक लिंक्स अशी दहा हेलिकॉप्टर नष्ट झाली. ‘ब्राव्हो नोव्हेंबर’ या सांकेतिक नावाचे एक चिनूक हल्ल्याच्या वेळी हवेत होते, ते ‘हर्मिस’वर उतरले. त्याची हत्यारे, सुटे भाग आणि माहितीपुस्तिका जहाजाबरोबर गेल्या होत्या. तरीही युद्ध संपेपर्यंत त्याने सुमारे दीड हजार सैनिक आणि साडेपाचशे टन माल वाहिला. एका फेरीत तर त्यात ८१ सैनिक दाटीवाटीने उभे होते. पण चार चिनूकांचे काम एकटे हेलिकॉप्टर करू शकत नव्हते. ‘४५ कमांडो’ आणि पॅराशूट रेजिमेंटची तिसरी बटालियन पाठीवर अवजड सामान घेऊन सुमारे ९० किलोमीटर चिखल तुडवत पायी गेली. जूनच्या सुरुवातीला ‘अटलांटिक कॉजवे’ या भगिनी जहाजाने आणखी हेलिकॉप्टर पोहोचवल्यावर ताण काहीसा हलका झाला. तरीही वेल्श गार्ड्‌सच्या सैनिकांना समुद्रमार्गे पुढे पाठवावे लागले. ८ जून रोजी फिट्झरॉयजवळ ‘सर गॅलाहॅड’ या जहाजावर बॉम्ब पडून ४८ जण मारले गेले. या दुर्घटनेची कारणे अनेक आहेत. हेलिकॉप्टरांची टंचाई हे त्यांपैकी एक. १४ जून रोजी स्टॅन्ली येथील अर्जेंटिनाच्या सैन्याने शरणागती पत्करली.

चॅफला चुकलेली ती क्षेपणास्त्रे ‘अटलांटिक कन्व्हेयर’ला सापडली नसती, तर ती विमानवाहू नौकेवर गेली असती, असे काही जण मानतात. तसे घडते तर ब्रिटनची मोहीमच अडचणीत आली असती. एक मात्र खरे, की विमानवाहू नौकांजवळ संरक्षणाची साधने होती आणि मालवाहू जहाजाजवळ नव्हती.

याच युद्धात भाडेकराराने घेतलेले ‘कंटेंडर बेझंट’ हे कंटेनर जहाज सरकारने नंतर विकत घेतले आणि ‘आर्गस’ या नावाने नौदलाच्या पूरक ताफ्यात दाखल केले. क्युनार्डनेही बुडालेल्या जहाजाच्या जागी त्याच नावाचे नवे जहाज ‘स्वान हंटर’कडूनच बांधून घेतले, ते १९८५मध्ये सेवेत आले. ‘ब्राव्हो नोव्हेंबर’ पुढे इराक व अफगाणिस्तानातही उडाले आणि २०२२मध्ये कॉस्फर्ड येथील हवाई दलाच्या संग्रहालयात ठेवण्यात आले. लंडनमध्ये टॉवर हिल येथे दोन्ही महायुद्धांत समुद्रात नाहीशा झालेल्या व्यापारी खलाशांचे स्मारक आहे. तेथे २००५मध्ये फॉकलंड युद्धात प्राण गमावलेल्या मर्चंट नेव्हीच्या माणसांसाठी वेगळे स्मारक उभारले गेले.