इन्स्टॉलरचा पहिला प्रश्न

२००६च्या पावसाळ्यात घोडेगावच्या एका कांदा आडतदाराचा संगणक बंद पडला. विंडोज उघडेना आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या आत अडकलेल्या. माझ्याकडे लिनक्सची एक लाइव्ह सीडी होती. ती घालून संगणक चालू केला आणि थोड्याच वेळात सगळ्या फायली दिसू लागल्या. शेठनी चहा मागवला. उत्साहाच्या भरात मी त्याच सीडीवरचे ‘इन्स्टॉल’ दाबले. इंग्रजीत काहीतरी विचारले गेले, मी ते अर्धवट वाचून होकार दिला आणि सबंध डिस्क पुसली गेली. फायलींची नक्कल काढायची राहूनच गेली होती. हंगामाचा हिशेब कागदी पावत्यांवरून पुन्हा मांडायला आम्हाला तीन आठवडे लागले. लाइव्ह सीडी आणि इन्स्टॉलर यांचा इतिहास मी शोधू लागलो तो त्यानंतर.

सीडीवरून थेट चालणारे लिनक्स १९९२मध्येच यग्ड्रासिल या वितरणाने आणले होते, पण त्याला सुरुवातीला फ्लॉपी लागे. सीडीनेच संगणक जागा करण्याचा ‘एल टोरिटो’ हा संकेत १९९५चा. मग २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांचे नॉपिक्स आले. सुमारे दोन गिगाबाइटचा ऐवज दाबून ७०० मेगाबाइटच्या तबकडीत बसवायचा, लागेल तेवढाच भाग उलगडायचा आणि झालेले बदल तात्पुरत्या स्मृतीत ठेवायचे, ही त्याची युक्ती. संगणक बंद केला की बदल गेले. डिस्कला, आपण होऊन सांगितल्याशिवाय, धक्का नाही.

इन्स्टॉलरचे कामच डिस्कला हात लावण्याचे. म्हणून तो काय विचारतो हे कळणे फार महत्त्वाचे. आणि इथे मराठी बराच काळ बाहेर उभी होती. जुने इन्स्टॉलर मजकुरी पडद्यावर चालत. त्या पडद्यावर एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृती मावतात आणि प्रत्येकीला ठरावीक चौकोन. ‘कि’ लिहिताना साठवणीत आधी क येतो नि मग वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी आधी. जोडाक्षरे तर दूरच. हे जुळवायला चित्रमय इन्स्टॉलर हवा होता. तो डेबियनमध्ये एप्रिल २००७च्या ‘एच’ आवृत्तीत आला आणि फेब्रुवारी २००९च्या ‘लेनी’मध्ये भाषांच्या यादीत मराठी दिसली. त्याच सुमारास सी-डॅकने डेबियनवरच उभारलेले ‘बॉस’ही आले होते. अनुवाद करणारे बहुतेक स्वयंसेवक. त्यांचे ऋण आपण फारसे मानलेले नाही.

मला विचारले असते तर ‘पार्टिशन’ला मी ‘वाटणी’ म्हटले असते. वाटणीच्या कागदावर आमच्या नेवासे तालुक्यात कोणी न वाचता सही करत नाही!

मजकुरी पद्धत निवडली तर डेबियनच्या यादीत मराठी अजूनही नसते. आणि यादीच्याही आधी येणारा पहिला मेनू इंग्रजीच.

‘लेनी’ची सीडी मी २००९मध्ये त्याच आडतीवर नेली. या वेळी पडदा शेठकडे वळवला. त्यांनी चष्मा लावून डिस्कचा प्रश्न मोठ्याने वाचला, माझा हात धरला आणि म्हणाले, “थांबा भाऊ. पट्ट्या कुठे काढून ठेवल्यात, ते आधी दाखवा.”